सुलटी बाजू कोणती?

ताई, नमस्कार.

आई-बाबा पुण्यात एरंडवण्याला राहतात, मी लग्नानंतर वारज्याला. बाबा ७६ वर्षांचे आहेत. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. १९९३ च्या सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ड्रॉइंग बोर्ड भंगारात निघाले, तेव्हा बाबांनी स्वतःचा बोर्ड विकत घेऊन टेम्पोतून घरी आणला. सोबत ट्रेसिंग पेपरचे उरलेले रोल. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की ते बोर्डवर बसून रेघा काढतात. त्यांत माणूस नाही, झाड नाही, देव नाही. नुसत्या बारीक रेघा, शेकडो. जवळ येतात, लांब जातात, मधेच तुटतात. कागदाच्या मागच्या बाजूनेही काढतात. कुठे कुठे शाई ब्लेडने खरवडलेली असते. काही चित्रं जुन्या अमोनिया प्रिंटच्या, म्हणजे ऑफिसातल्या ड्रॉइंगच्या नकलांच्या, पाठीवर आहेत.

२००४ मध्ये काही हौशी चित्रकारांबरोबर बालगंधर्वच्या कलादालनात त्यांनी बारा चित्रं लावली होती. एक गृहस्थ म्हणाले, "हे कुठल्या मशीनचं ड्रॉइंग?" दुसऱ्यांनी विचारलं, "सुलटी बाजू कोणती?" लोक हसले. बाबाही हसले. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही दाखवलं नाही.

आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. मेअखेर फ्लॅट रिकामा करायचा, मग तीन वर्षं भाड्याचा वन बीएचके. चित्रं चारशेच्या आसपास आहेत. दिवाणाखाली, कपाटावर, माळ्यावर, सगळीकडे गुंडाळ्या. भाऊ म्हणतो, "तीस वर्षांत एक तरी विकलं गेलं का? रद्दीत द्या." आई म्हणते, माझं अर्धं आयुष्य या गुंडाळ्या पुसण्यात गेलं. गेल्या रविवारी बाबा स्वतःच म्हणाले, "टाकून द्या." आणि आत जाऊन बोर्डवर बसले.

मला चित्रांतलं काही कळत नाही. माझे बाबा काळाच्या पुढचे आहेत का? की आम्हीच उगाच जीव लावून बसलोय? मी काय करू?

– एक मुलगी

*

प्रिय मुली,

"टाकून द्या" म्हणाले आणि आत जाऊन बोर्डवर बसले, हे वाक्य मी तीनदा वाचलं. ज्याला खरंच टाकायचं असतं तो माणूस त्याच रात्री पुन्हा पेन भरत नाही. त्यामुळे पहिलं उत्तर लगेच देते: रद्दीवाल्याला बोलवू नका. मेअखेरपर्यंत वेळ आहे, आणि काय ठेवायचं हे त्या वेळात नीट बघून ठरवता येईल. एकदा वजनकाट्यावर गेलं की मग ठरवायला काही उरत नाही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते ते ऐका. माझी एक आत्या भोरला असायची. गोधड्या शिवायची. सगळ्या बायका चौकोनाला चौकोन जोडून, कडेने काठ फिरवून शिवतात, तशी ती शिवत नसे. तिच्या गोधडीत एखादा गडद तुकडा मधूनच निघायचा आणि काठ ओलांडून बाहेर जायचा. टाके सरळ जाता जाता एका जागी गोल फिरायला लागायचे, पाण्यात भोवरा पडावा तसे. शेजारणी म्हणायच्या, ही गोधडी आहे की तालुक्याचा नकाशा? आम्ही पोरं हसायचो. १९९१ मध्ये ती गेली. घर आवरताना आम्ही तिच्या चार गोधड्या बोहारणीला दिल्या आणि स्टीलचं एक पातेलं घेतलं. ते पातेलं अजून माझ्या ओट्यावर आहे, रोज त्यात दूध तापतं. गोधड्या कशा होत्या हे मला आज फक्त आठवणीतून सांगता येतं, आणि आठवणीतले टाके मला मोजता येत नाहीत. आत्या मोठी कलावंत होती का? मला माहीत नाही. ते कळायची सोय आम्हीच घालवली.

आता तुमचा प्रश्न. बाबा काळाच्या पुढचे आहेत का?

तुमच्या पत्रातलं त्यांच्या चित्रांचं वर्णन वाचताना मला लगेच नसरीन मोहमदी आठवल्या. १९३७ चा जन्म, कराचीचा. लंडन आणि पॅरिसमध्ये शिकल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या कला महाविद्यालयात शिकवत होत्या. त्या काळात बडोद्यात माणसांची, गोष्टी सांगणारी चित्रं जोरात होती. या बाई ड्राफ्टिंगची अवजारं घेऊन शाईने आणि पेन्सिलीने कागदावर रेघा काढत होत्या. तिरक्या, समांतर, विरत जाणाऱ्या रेघा. माणूस नाही, झाड नाही. १९९० मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. हयातीत त्यांना मानणारे लोक होते, पण थोडे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने २०१६ मध्ये मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांपैकी एक त्यांचं होतं. मधे २६ वर्षं गेली. आणि अभ्यासकांची एक अडचण तेव्हाही होती, आजही आहे: नसरीनबाईंनी बहुतेक चित्रांना नाव दिलं नाही आणि तारीख घातली नाही. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे अंदाजाने लावावं लागतं.

हे वाचून बाबांना नसरीन ठरवू नका. त्या शिकलेल्या, शिकवणाऱ्या, चित्रकारांच्या वर्तुळातल्या होत्या, वासुदेव गायतोंडेंसारख्या चित्रकाराशी त्यांचा स्नेह होता. बाबा पिंपरीच्या बसमधून उतरून, हातपाय धुऊन, जेवून एकटे बोर्डवर बसणारे. मला इतकंच दाखवायचं आहे की "नुसत्या रेघा" हे चित्र असू शकतं, आणि जे बघून बालगंधर्वच्या दालनात लोक हसले त्याच जातीचं काम जगातल्या मोठ्या भिंतींवर लागलेलं आहे. बाबांचं काम त्या तोलाचं आहे की नाही हे मी पत्रावरून सांगितलं तर ती लबाडी होईल. खरं बोलायचं तर ज्यांना आपल्या काळात कुणी विचारलं नाही अशा बहुतेकांना पुढेही कुणी विचारत नाही. आपल्या कानावर येतात त्या फक्त नंतर सापडलेल्यांच्या गोष्टी.

पण तुम्हाला "कळत नाही" हे मला तितकंसं पटलं नाही. रेघा जवळ येतात, लांब जातात, मधेच तुटतात, हे तुम्हीच लिहिलंत. खरवडलेली जागा तुम्ही पाहिलीत. बघणं म्हणतात ते हेच. आता एक करा. १९९५ च्या आसपासची पाच चित्रं काढा, २००५ ची पाच आणि गेल्या दोन वर्षांतली पाच. जमिनीवर तीन रांगा करून मांडा आणि अर्धा तास नुसत्या फिरत राहा. तीस वर्षांत हात बदलला का? एखादी गोष्ट आधी चुकून झाली आणि नंतर ती मुद्दाम यायला लागली, असं कुठे दिसतं का? जो माणूस नुसता वेळ घालवत असतो त्याच्या तिन्ही रांगा सारख्याच दिसतात. जो काही शोधत असतो त्याच्या रांगांमध्ये फरक दिसतो, कधी कधी नवी रांग जुनीपेक्षा वाईटही असते, पण वेगळी असते. ब्लेडच्या खुणा मात्र खास बघा. ट्रेसिंग पेपरवरची शाई अर्ध्या ब्लेडने खरवडून चूक दुरुस्त करणं हे ड्राफ्ट्समनचं रोजचं काम. बाबा ते घरी का करत असतील? तिथे कुणी साहेब तपासायला नव्हता. कुठली रेघ चूक आहे हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. चारशे चित्रांमधून त्यांनी खोडलेलं तेवढंच बघत गेलात तरी त्यांना काय हवं होतं याचा माग लागेल.

भावाचा प्रश्न: एक तरी विकलं गेलं का? त्याला उत्तर म्हणून लोक गायतोंडेंचं नाव घेतात. दिल्लीला निजामुद्दीनमध्ये छोट्याशा जागेत राहायचे, वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे, २००१ मध्ये गेले, आणि २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. गोष्ट खरी आहे. तुम्ही मात्र ती भावापुढे ठेवू नका. असं सांगितलंत की चित्रं ठेवण्याचं कारण किंमत होऊन बसतं, आणि उद्या कुणी पाचशे रुपये दिले नाहीत की भाऊच बरोबर ठरतो. भावाला जागेचा हिशेब दाखवा. मोठी ड्रॉइंग शीट, ए-झीरो, सुमारे चार फूट बाय पावणेतीन फूट. चारशे ट्रेसिंग पेपर सपाट रचले, मधे मधे कोरे कागद घातले, तरी थर वीतभरही होत नाही. बॉक्सच्या पलंगात सगळं मावतं. आज घर भरल्यासारखं वाटतं ते गुंडाळ्यांमुळे, गुंडाळीत सगळी हवाच असते. तुमच्या भावाला चित्रांचा राग नसावा, त्याला वन बीएचकेची धास्ती आहे, आणि ती खोटी नाही.

पुण्यात हे कोण बघणार, असंही कुणीतरी म्हणेलच. आपल्या गावाला नवं पचायला वेळ लागतो हे मान्य. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. कीर्तन, दशावतार, खेळे, सगळं आपल्याच मातीतलं घेतलेलं, माणसांचीच भिंत आणि माणसांचाच पडदा, आणि तरी असं कुणी पाहिलेलं नव्हतं. १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनेच ते थांबवलं. मग नाटकातल्या मुलांनी बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढली, १९७४ मध्ये नाटक पुन्हा आणलं आणि १९८० मध्ये युरोपात नेलं. हे सांगताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. ती पन्नासेक पोरं होती, एकमेकांना धरून होती. ट्रेसिंग पेपरपुढे एकटा बसलेला माणूस संस्था काढू शकत नाही. त्याच्याकडे घर असतं, फक्त घर.

आणि घरातल्या कुणीतरी ठेवलं म्हणूनच पुष्कळदा उरतं. व्हॅन गॉगची गोष्ट सगळे सांगतात, त्याच्या भावजयीची फार थोडे. व्हिन्सेंट १८९० च्या जुलैत गेला, त्याचा भाऊ थिओ सहा महिन्यांत, १८९१ च्या जानेवारीत. मागे राहिली थिओची बायको जोहाना, कडेवर वर्षाचं मूल आणि घरभर न विकलेली चित्रं. ती ॲमस्टरडॅमजवळच्या बुसुम गावी गेली, पोटासाठी तिने खानावळवजा बोर्डिंग चालवलं आणि भिंतींवर दिराची चित्रं लावली. कुठलं चित्र कधी, कुणाला, केवढ्याला गेलं हे ती घरखर्चाच्या वहीत टिपून ठेवायची. १९०५ मध्ये तिने ॲमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये साडेचारशेहून जास्त कामांचं प्रदर्शन उभं केलं, १९१४ मध्ये दोघा भावांची पत्रं छापली. चित्रकलेची पदवी तिच्याकडे नव्हती, ती इंग्रजी शिकवायची.

तुमच्या घरात ही जोहाना कोण आहे सांगू? तुम्ही स्वतःला समजत असाल. मला वाटतं, आई. तीस वर्षं तिने गुंडाळ्या पुसल्या. तक्रार केली आणि पुसल्या. पुसल्या नसत्या तर कसर लागून कधीच जाळी झाली असती. तेव्हा तिला चित्रांचं महत्त्व पटवायला जाऊ नका. तिच्याजवळ बसून विचारा, तुला यातलं कुठलं बरं वाटतं? मला खात्री आहे, तिला हे आजवर कुणी विचारलेलं नाही, बाबांनीही नाही. आणि नव्या घरात तिच्या देवघराची आणि शिलाई मशीनची जागा आधी ठरू द्या, मग बोर्डची.

आता कामाचं बोलू. यात थोडा वेळ घालवते, कारण घरोघरी चुका इथेच होतात.

सर्वांत आधी: लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे आदर दाखवायचा म्हणजे लॅमिनेट करायचं अशी पद्धत झाली आहे. प्लॅस्टिक एकदा उष्णतेने चिकटलं की कागद परत मिळत नाही. सेलोटेपही नको. त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. फाटलं असेल तर तसंच फाटकं राहू द्या. मधे घालायला वर्तमानपत्र वापरू नका, त्याचा कागद पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही पाडतो. कागदाच्या दुकानात मागितला तर ॲसिड-फ्री कागद मिळतो. खर्च जड वाटला तर आधी दर दहा चित्रांमागे एक घाला, मग जमेल तसे वाढवा.

अमोनिया प्रिंटच्या पाठीवरची चित्रं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. त्या प्रिंटमधलं रसायन शेजारच्या कागदाला डाग पाडतं, आणि प्रिंट स्वतः उजेडात विटत जाते. ट्रेसिंग पेपरला ओल अजिबात सोसत नाही, पावसाळी हवेत तो लाटा आल्यासारखा फुगतो. म्हणून हे सगळं काम एप्रिल-मेमध्येच उरका, कोरड्या हवेत. पावसाळी हवेची ओल एकदा आत शिरली तर ती वर्षभर आतच राहते. गुंडाळ्या जोर लावून सपाट करू नका. उलगडून, वर कोरा कागद आणि त्यावर सपाट फळी ठेवून चार-पाच दिवस द्या. जी फार मोठी असतील ती गुंडाळीतच राहू देत, पण घट्ट नकोत. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात ताग्यांच्या आतली जाड पुठ्ठ्याची नळकांडी मागा. तिच्यावर आधी धुतलेलं सुती कापड गुंडाळा, मग कापडावरून चित्र बाहेरच्या बाजूने. नळीच्या आत कोंबायचं नाही. पलंगाच्या खणात तळाला आणि कडेने जुनी सुती चादर, खळ न घातलेली. डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी, पोथ्यांच्या रुमालात ठेवायचे तशी, पण कागदाला लागणार नाही अशी. पावसाळ्यात मधून एखाद्या कोरड्या दिवशी खण उघडा, पंखा लावा. माळा, बाल्कनी आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, या तीन जागा वर्ज्य.

मग वही. साधी, रेघांची, मोठी. प्रत्येक चित्राला एक नंबर. तो नंबर चित्राच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने, अगदी हलका. वहीत त्या नंबरापुढे लांबी, रुंदी, कागद कुठला, एका बाजूने काढलंय की दोन्ही, आणि साल. साल बाबांनाच विचारा. त्यांना आठवेलच असं नाही, पण "हे तुझ्या बारावीच्या वर्षी" किंवा "हे आईच्या ऑपरेशननंतर" असं काहीतरी ते नक्की सांगतील. तेच तसंच्या तसं लिहा. आणि प्रत्येकाला विचारा: वरची बाजू कोणती? २००४ मध्ये त्यांना हा प्रश्न हसत हसत विचारला गेला. तुम्ही तो वही उघडून, पेन्सिल हातात घेऊन विचारा. उत्तर आलं तर पेन्सिलीने बाण काढा. कदाचित ते म्हणतील, कुठलीही. तेही लिहा.

मोबाइलवर फोटो काढाल तेव्हा प्रत्येकाचे दोन काढा. एक सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ जमिनीवर ठेवून, बरोबर वरून, शेजारी फूटपट्टी. दुसरा चित्र खिडकीच्या काचेपुढे धरून, उजेड मागून येईल असा. कागद अर्धपारदर्शक आहे आणि बाबा पाठीमागूनही रेघा काढतात असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे समोरून दिसतं त्याहून दुसरं काहीतरी मागून उजेड आला की दिसत असणार. बालगंधर्वला ती बारा चित्रं भिंतीवर लावली होती. भिंतीवर! पाठीमागच्या रेघा तिथे कुणाला दिसल्याच नसतील. लोक हसले ते अर्धं चित्र बघून, असं मला आता वाटायला लागलं आहे.

यावरूनच सुचलं, आणि या पत्रातलं मला सर्वांत करावंसं वाटणारं हेच आहे. मे महिन्यात सामान हललं की एरंडवण्याचा फ्लॅट ताबा देण्याआधी तीन-चार दिवस रिकामा असेल. पडदे नसतील, कपाटं नसतील, नुसत्या खिडक्या. खिडकीच्या चौकटीला आडवी दोरी बांधा, बाइंडर क्लिप आणि चित्र यांच्या मधे जाड कागदाची चिठ्ठी घाला म्हणजे वळ उठणार नाही, आणि वीस-पंचवीस चित्रं खिडक्यांमधून सोडा. थेट ऊन येतं त्या खिडक्या सोडून. दोन दिवस, सकाळी आठ ते अकरा.

बोलवायचं कुणाला? माझं ऐकाल तर आधी बाबांच्या ऑफिसातल्या जुन्या ड्राफ्ट्समनना. त्यांतले जे हिंडते-फिरते असतील त्यांना आणायला गाडी पाठवा. बाबांच्या चित्रांचा पहिला जाणता प्रेक्षक कलादालनातला गृहस्थ नव्हताच. ०.१ मिलिमीटरची निब हात जरा रेंगाळला की कशी चोक होते, घामाचं बोट लागलेल्या जागी शाई कशी धरत नाही, चार फुटांची रेघ एका जाडीत ओढायची तर श्वास कुठे सोडायचा, हे त्यांना ठाऊक आहे. आणि ज्या हाताने वर्षानुवर्षं गिअरबॉक्स काढले त्याने त्याच अवजारांनी हे काय केलं, हेही त्यांनाच आधी दिसेल. ते काय बोलतात ते ऐका, शक्य झालं तर बाबांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. त्यानंतर टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या एखाद्या शिक्षकांना, चार विद्यार्थ्यांना बोलवा. सोसायटीतल्या लोकांनाही. ते तसेही शेवटचं घर बघायला वर येणारच आहेत.

प्रदर्शन भरवून देतो, पुस्तकात छापतो, सर्टिफिकेट देतो असं म्हणत आधी पैसे मागणारे लोक भेटतील. त्यांना नको म्हणा. कुणी चित्र मागितलं आणि बाबांना द्यावंसं वाटलं तर द्यावं, वहीत नोंद करून. चित्र दिलं म्हणजे ते छापायचा हक्क दिला असं होत नाही. आपल्याकडे तो हक्क कलावंताच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. मागे तो कुणाकडे जावा हे बाबांनी मृत्युपत्रात एका ओळीत लिहिलं तर तुम्हा भावाबहिणीला पुढे सोपं जाईल.

राहता राहिलं "टाकून द्या". ते वाक्य त्यांनी कधी म्हटलं बघा: मुलगा रद्दीचं बोलत असताना, बायको थकलेली असताना. आपली अडचण होते आहे असं वाटलं की म्हातारी माणसं हेच म्हणतात, चित्रांबद्दल असो की स्वतःबद्दल. एखाद्या सकाळी, घरात कुणी नसताना, चहा करून पुन्हा विचारा. यातलं तुम्हाला काय ठेवायचं आहे, बाबा? त्यांनी शांतपणे पन्नास चित्रं बाजूला काढली आणि ही नकोत म्हणाले, तर ती जाऊ द्या, फोटो काढून. नको ते काढून टाकणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे, ब्लेडने रेघ खरवडण्यासारखा. फक्त ती निवड त्यांच्या हाताने व्हावी. सगळीच नकोत म्हणाले तर मात्र मला लगेच लिहा. मी पुण्यातच आहे, येऊन बसेन त्यांच्यापाशी.

सामान बांधाल तेव्हा बोर्डवर जी शीट चालू असेल ती सर्वांत शेवटी काढा. आणि भाड्याच्या घरात बोर्ड पहिल्याच दिवशी लावा, रात्रीच्या जेवणाआधी. दिवा डाव्या बाजूला यायला हवा, पण बाबा डावखुरे असले तर उजव्या. हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.